नाईटवरून आल्यावर घरात झोप मागायची लाज वाटते

"ताई नमस्कार. मी 34 वर्षांची, मुंबईत एका खासगी हॉस्पिटलला मेडिकल वॉर्डात स्टाफ नर्स आहे, राहायला बदलापूर. ड्युटी बारा तासांची, नाईट असली की रात्री 8 ते सकाळी 8, आणि सलग सहा. हँडओव्हर देऊन साडेदहाला घरी पोचते, मग स्वयंपाक, साडेबाराला लेक शाळेतून येते, तिचं जेवण, मग एक ते साडेतीन कशीबशी झोपते. पावणेसहाला परत निघायचं. सासूबाई वाईट नाहीत पण घरातली सून दिवसा झोपलेली त्यांना बघवत नाही, संध्याकाळी जरा आडवी झाले की दिवेलागणीला झोपू नये म्हणतात. आठ वर्षांत सवय झालीये असंच समजत होते. मागच्या महिन्यात सहाव्या नाईटला सकाळी पावणेसहाला 11 नंबरच्या पेशंटचं इन्सुलिन भरून मी 12 नंबरच्या आजींपाशी उभी राहिले, दोघींचं आडनाव एकच. स्पिरिटचा बोळा पण फिरवून झाला होता. खाली चटईवर झोपलेली त्यांची मुलगी उठून म्हणाली, सिस्टर, आईला शुगर नाहीये. मी हे कुणालाच सांगितलं नाही. तेव्हापासून ऑफच्या दिवशी पण झोप लागत नाही. पुढची नाईट 14 तारखेपासून आहे. नोकरी सोडू का?"
नाव नको, बदलापूर

अगं, नोकरीचं आज ठरवायचं नाही, हे आधी सांगते. झोप पुरी नसताना राजीनाम्याचा कागद हातात घ्यायचाच नाही, आठवडाभर नीट झोप आणि मग बघ. तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि चारही वेळा त्या स्पिरिटच्या बोळ्यापाशी थांबले. मी 31 वर्षं वॉर्डात काढली, शेवटची नऊ इन्चार्ज म्हणून, त्यामुळे बोळा फिरवला आणि सुई अजून टेकली नाही हे मधले दोन सेकंद काय असतात ते मला कळतं.

माझ्या हातूनही झालंय. सर्जिकल वॉर्डला होते, पाचवी नाईट, पहाटे चारचे बीपी-टेम्परेचर रजिस्टरला लिहीत होते. सकाळी ओव्हर द्यायला रजिस्टर उघडलं तर माझंच अक्षर मला लागेना, ओळ डावीकडून बरी सुरू झालेली, पुढं पुढं खाली उतरत दुसऱ्या रकान्यात गेलेली आणि शेवटी नुसती पेनाची रेघ. ती रेघ ओढली गेली तेव्हा मी झोपलेली होते, उभ्यानं, डोळे उघडे असताना. आणि 7 नंबरचं बीपी 8 नंबरच्या पुढं. दोघांचंही नॉर्मल होतं म्हणून निभावलं. मी खोडून नीट लिहिलं आणि तुझ्यासारखीच गप्प बसले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

याला मायक्रोस्लीप म्हणतात, मेंदू काही सेकंद बंद पडतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. म्हणून पहिली गोष्ट ही मनातून काढ की तू निष्काळजी आहेस. निष्काळजी बाई महिनाभर या एका गोष्टीनं तळमळत नाही. तू न झोपलेली होतीस, आणि न झोपलेल्या मेंदूला 11 आणि 12 मधला फरक खरंच दिसत नाही, त्यात आडनाव एक आणि वेळ पावणेसहाची. आपल्या डोक्यात तांदळाच्या दाण्याएवढं एक घड्याळ असतं, उजेड-अंधारावर चालणारं, आणि ते पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान अंगाचं तापमान अगदी खाली नेतं, तुला त्या वेळी एसी नसतानाही थंडी वाजते ना, तीच ती. नेमकं तेव्हाच आपल्याकडे ब्लड सँपल, शुगर चेक, युरिन आउटपुट, सकाळची इन्सुलिन असं सगळं येऊन पडतं. म्हणजे सगळ्यात बारकाईचं काम सगळ्यात वाईट वेळेला.

आता तुझं ते वाक्य, "सवय झालीये". हे मी शेकडो मुलींच्या तोंडून ऐकलंय आणि स्वतः पण म्हणलंय, पण हे खरं नाही गं. 2003 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी माणसांना 14 दिवस रोज फक्त चार किंवा सहा तास झोपू दिलं, आणि शेवटी त्यांचं लक्ष एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं घसरलं. पण मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, त्या माणसांना स्वतःला विचारलं तर ती म्हणायची थोडीशी झोप येतेय, बाकी ठीक. पहिले काही दिवस थकवा जाणवतो, मग जाणवायचं थांबतं आणि घसरण मात्र चालूच राहते, आणि आपण त्या न जाणवण्यालाच सवय म्हणतो.

1997 चा एक ऑस्ट्रेलियातला प्रयोग आहे, सलग 17 तास जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष, रक्तात 100 मिलीलीटरला 50 मिलीग्रॅम दारू असलेल्या माणसासारखं चालतं. आपल्याकडे गाडी चालवायची कायद्याची मर्यादा 30 आहे. आणि तू तर अडीच तासांच्या झोपेवर रात्र काढतेस, तेही लागोपाठ सहाव्यांदा. बॉस्टनच्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत शिकाऊ डॉक्टरांवर अभ्यास झाला, 2004 ला छापून आला. 24 तास आणि त्याहून लांब ड्युट्या करणाऱ्यांच्या हातून, ड्युटी कमी केलेल्यांपेक्षा गंभीर चुका 36 टक्के जास्त झाल्या. त्याच वर्षी 393 नर्सेसच्या डायऱ्यांचा एक अभ्यास आला, साडेबारा तासांच्या पुढं ड्युटी गेली की चूक व्हायची शक्यता तिप्पट. तुझी बारा तासांची ड्युटी हँडओव्हर धरून किती होते ते तूच मोज.

हे सगळं तुला घाबरवायला सांगत नाहीये, घरात बोलायला तुझ्याकडे काहीतरी हातात असावं म्हणून सांगतेय. कारण माझं तुला मुख्य सांगणं एवढंच आहे की नाईटनंतरची झोप हा तुझा आराम नाही, ती ड्युटीच आहे. आठ वाजता पंच करून संपत नाही, झोपून उठलीस की संपते. हे तू स्वतः जोपर्यंत मानत नाहीस तोपर्यंत घरचे मानणार नाहीत, पत्राच्या मथळ्यातच तू लिहिलंयस की झोप मागायची लाज वाटते. सिरिंज मागायला लाज वाटते का आपल्याला?

मी तुझा हिशोब मांडून बघितला. साडेदहाला घरी, पावणेसहाला बाहेर, म्हणजे घरात सव्वासात तास. मोठ्या माणसाला सात तास झोप लागते. म्हणजे अंघोळ, जेवण, लेक, सगळं शून्य केलं तरच पुरतं, आणि ते काय होणार नाही. म्हणून त्यातले पाच तास सलग धरायचे, पावणेअकरा ते पावणेचार. घरी आलीस की हातपाय धू, काहीतरी हलकं खा, पोहे, दूधपोळी, आणि थेट आत. ओट्याकडे बघायचंच नाही. तू आधी दोन तास काम करून मग झोपतेस तिथंच सगळं बिघडतं, एक तर दिवस चढत जातो तसं ते डोक्यातलं घड्याळ तुला जागं करायला लागतं, आणि दुसरं म्हणजे एकदा स्वयंपाकाला लागलं की बाई काय थांबत नाही.

मग स्वयंपाक कोण करणार. नवऱ्याचा तू पत्रात एका अक्षरानं उल्लेख केला नाहीस, ते मला जरा खटकलं. तो घरी असेल तर त्या सहा दिवसांची सकाळची पोळीभाजी त्यानं करायची किंवा पोळीवाल्या बाई लावायच्या, महिन्यातले सहा-बारा दिवस, तेवढा खर्च तुझ्या पगारातून कर आणि तो खर्च औषधाच्या खर्चासारखा समज. लेकीचं साडेबाराचं ताट आजी वाढतील, मला वाटतं त्यांना ते आवडेल पण, फक्त त्यांना नीट विचारायला हवं.

सासूबाईंशी बोलताना थकले, झेपत नाही, असं बोलू नकोस, त्यांनीही त्यांच्या काळात खूप सोसलेलं असतं आणि मग कुणी जास्त सोसलं यावर गाडी जाते. तू त्यांना त्या 12 नंबरच्या आजींची गोष्ट सांग. त्या तुझ्या सासूबाईंच्याच वयाच्या असतील. सांग की आई, मी असं असं केलं असतं, शुगर नसलेल्या बाईला इन्सुलिन गेलं असतं, साखर खाली आली असती, घाम फुटून बेशुद्ध पडल्या असत्या, आणि झोपेतच पडल्या म्हणून कुणाला कळलंही नसतं. मग म्हण, तुम्ही ॲडमिट असाल तर तुमची सिस्टर किती तास झोपून आलेली हवी तुम्हाला? हे भांडणाच्या सुरात नको, दुपारी चहाला बसलात की सांग, रडू आलं तर येऊ दे. अशा घरगुती बोलण्यानं घरं बदललेली मी पाहिलीयेत, सगळी नाही, पण बरीच.

आणि दिवेलागणीचा त्यांचा नेम मोडायची गरजच नाहीये. पावणेचारला उठलीस की दिवे लागायच्या वेळेला तू गाडीत असशील. म्हणजे त्यांचाही शब्द राहिला. हे त्यांना मुद्दाम सांग, "आई, दिवेलागणीला मी झोपणार नाही, पण त्यासाठी सकाळी अकराला झोपू द्या." मोठ्या माणसाचं एक ऐकलं की ते आपलं एक ऐकतात.

खोली अंधारी कर. पडदे नकोत पातळ, जाड काळं अस्तर लावून घे, नाहीतर जुनी गडद चादर दोन खिळ्यांवर टांग, चालतं. पंखा जोरात, त्याच्या आवाजात बाहेरचे आवाज बुडतात. बेलचं बटण वरून बंद, दारावर चिठ्ठी, कुरियर आणि सिलेंडरवाल्यानं शेजारी द्यावं. फोन सायलेंट करून दुसऱ्या खोलीत, फक्त शाळेचा आणि नवऱ्याचा नंबर वाजेल असं सेटिंग करून घे. वॉर्डातून "सिस्टर ती चावी कुठं ठेवली" असे फोन येतात ना, ते टाळायला निघताना चावीचं रजिस्टर सही करून दे म्हणजे प्रश्नच नको.

लेक घरात असताना ती गप्प कशी बसेल ही काळजी असेल. माझा मुलगा तिसरीत होता तेव्हा मी नाईटवरून येऊन झोपले की तो हळूच येऊन माझ्या नाकाखाली बोट धरून बघायचा, श्वास चालू आहे का, इतकी मी मेल्यासारखी झोपायचे. मला हे त्याच्या लग्नात कळलं. मी त्याला कधी नीट सांगितलंच नव्हतं की आई अशी का झोपते, पोरगं बिचारं वर्षानुवर्षं एकटं घाबरत होतं. तू सांग तिला. पावणेचारला तिनंच तुला उठवायचं असं काम दे, ते तिचं काम, घड्याळ तिच्याकडे. मग चार ते साडेपाच तू तिची, तेव्हा भांडी नाही, फोन नाही.

आता जाण्यायेण्याचं. सकाळी वॉर्डातून बाहेर पडलीस की साधा काळा गॉगल लाव, स्टेशनपर्यंतचं ऊन डोळ्यात गेलं की मेंदूला वाटतं दिवस सुरू झाला आणि झोपेचं मेलाटोनिन बंद. लोक काय म्हणतील ते म्हणोत. येताना गाडी रिकामी असते, खिडकी मिळते, डोळा लागणारच, पण कर्जत लोकल टाळून बदलापूर लोकल पकड म्हणजे वांगणी-नेरळला जाग यायची भीती नाही, आणि अंबरनाथच्या आधी वाजेल असा गजर लाव. सगळ्यात महत्त्वाचं, स्टेशनला स्कूटी ठेवत असशील तर नाईटच्या दिवसांत ठेवू नकोस, शेअर रिक्षानं जा. अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांचं बघितलं तर लांब ड्युटीनंतर घरी जाताना गाडीचा अपघात व्हायची शक्यता दुपटीच्या वर गेलेली होती. सिग्नलला उभं राहून डोळा लागलेल्या दोन मुली माझ्या स्वतःच्या स्टाफमध्ये होत्या, एकीचा पाय मोडला. खरी झोप काढायची गाडी म्हणजे संध्याकाळची जाताना. तेव्हा मुंबईकडं गर्दी उलटी असते, बसायला मिळतं, गजर लावून अर्धा-पाऊण तास झोप, ती रात्री कामाला येते.

ड्युटीवर चहा शेवटचा अडीच-तीनला. कॅफीन अंगातून अर्धं जायलाच पाच-एक तास लागतात, मग पाचचा चहा साडेदहाला तुझ्यासोबत घरी येतो. जेवण निघायच्या आधी घरीच किंवा पोचल्यावर लगेच, मध्यरात्री डबा उघडून बिर्याणी-वडे नकोत, भूक लागली तर केळं, चणे, ताक.

आणि डुलकी. आपल्याकडे ड्युटीवर झोपली म्हणजे मेमो, मी स्वतः मेमो दिलेत, आणि त्यातले निम्मे मी आज दिले नसते. नासानं लांब पल्ल्याच्या पायलटांवर प्रयोग केला होता, साधारण 26 मिनिटांची डुलकी घेतलेले पायलट नंतर कितीतरी जास्त सावध राहिले. जपानमध्ये कित्येक हॉस्पिटलांत नाईटच्या नर्सला झोपायला वेळ आणि खोली ठरवून दिलेली असते. तर दोघी असाल तर इन्चार्जशी आधी बोलून, दोन-अडीचच्या सुमाराला पाळीपाळीनं 20-25 मिनिटं, एक झोपली की दुसरी फ्लोअरवर, वेळ लिहून. उठल्यावर तोंड धुवायचं, पाणी प्यायचं आणि पंधरा मिनिटं औषधाला हात लावायचा नाही, कारण उठल्या उठल्या डोकं जड असतं आणि तेव्हाही चूक होते. चोरून खुर्चीत मान टाकण्यापेक्षा हे दहापट बरं.

पहाटे चारनंतर इन्सुलिन, पोटॅशियम, रक्त पातळ करणारं हेपॅरिन एकटीनं द्यायचं नाही, शेजारच्या वॉर्डातून सिस्टरला बोलवावं लागलं तरी चालेल. "आजी, पूर्ण नाव काय तुमचं" असं त्यांनाच विचार, "तुम्ही अमुक ना?" असं विचारलं की झोपेत माणूस हो म्हणतो. मग हाताच्या पट्टीवरचा आयपी नंबर, म्हणजे दाखल पेशंटचा नंबर, बोट ठेवून मोठ्यानं वाच. आणि एका आडनावाच्या दोघी शेजारी शेजारी बेडवर असणं हीच मुळात चूक आहे, ती तुझी नाही. केस पेपरवर लाल स्टिकर लावायला सांग, जमलं तर बेड बदलायला.

यासाठीच तुला ते सांगावं लागेल. माहितीये मला, इथं तू वाचायची थांबशील. पण तू गप्प राहिलीस तर त्या बेडवर उद्या पुन्हा दोन एकाच आडनावाच्या बायका येतील आणि तुझ्या जागी दुसरी कुणी सहाव्या नाईटला असेल. इंजेक्शन गेलं नाही, पेशंटला काही झालं नाही, याला निअर मिस म्हणतात आणि एनएबीएच, म्हणजे दर्जाची मान्यता, असलेल्या हॉस्पिटलात याचा फॉर्मच असतो. काय झालं, किती वाजता, कितवी नाईट, त्या दिवशी किती तास झोपले होते, एवढं लिही. शेवटची दोन वाक्यं विसरू नकोस, ती नसतील तर सगळं तुझ्या एकटीच्या नावावर चढतं. इन्चार्ज बाई समजूतदार असतील तर आधी तोंडी सांग. ओरडा बसू शकतो, खोटं कशाला सांगू, काही ठिकाणी अजून तसंच चालतं. पण ऑफला झोप न लागणं मला वाटतं याच ओझ्यानं आहे, आणि ते सांगितल्याशिवाय उतरणार नाही.

त्याच बोलण्यात सहा नाईटचं काढ. माझ्या वॉर्डात मी सहाच्या तीन-तीन केल्या होत्या, मध्ये दोन ऑफ, रोस्टर लावताना डोकं फिरायचं पण सिक लीव्ह कमी झाल्या. एकटी जाऊ नकोस, तिघीचौघी मिळून जा, अर्ज लेखी द्या. वर मी तुझे सव्वासात तास मांडलेत ना, तेच अर्जात मांड, कारण तू घरी सगळं अगदी नीट केलंस तरी सात तास भरत नाहीत, ती गोष्ट बाईंच्या, घरच्यांच्या किंवा तुझ्या हातातली नाही, रोस्टरच्या हातातली आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कला 1984 मध्ये एक 18 वर्षांची मुलगी दाखल झाल्यावर काही तासांत गेली, तिला पेथिडीन हे वेदनाशामक दिलं होतं जे तिच्या आधीच्या औषधाशी चालत नव्हतं, आणि बघणारे शिकाऊ डॉक्टर लांब ड्युटीवर होते. नक्की कशानं गेली यावर पुढं खूप वाद झाले, पण तिच्या वडिलांनी प्रकरण सोडलं नाही आणि 1989 पासून त्या राज्यात निवासी डॉक्टरांना आठवड्याला 80 तासांची मर्यादा आली. 80 सुद्धा किती जास्त आहेत बघ, पण कुणीतरी लिहून मागितलं तेव्हा ते झालं.

एक कळकळीनं सांगते, वॉर्डातली अल्प्राझोलाम, ती झोप आणणारी गोळी, घेऊन झोपायचं नाही, अर्धी पण नाही. "एकच गोळी" म्हणत सुरू झालेल्या मुली मी पाहिल्यात, सोडवताना फार हाल होतात. आठवड्याभरात फॉर्म देऊनही आणि खोली अंधारी करूनही झोप येत नसेल, तो प्रसंग डोळ्यासमोर येऊन छातीत धडधडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आपल्या हॉस्पिटलात नको वाटलं तर कल्याण-ठाण्याला जा. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड पण करून घे, आपण दुसऱ्यांचे रिपोर्ट लावत बसतो आणि स्वतःचे चार-चार वर्षं करत नाही.

14 तारखेच्या आधी सासूबाईंशी चहा आणि पडद्याचं कापड, एवढी दोन कामं पहिल्यांदा कर. कापड बदलापूरच्या बाजारात मिळेल, मीटरनं घे, खिडकीपेक्षा वीतभर जास्त, कडेनं उजेड आत येतो. आणि फॉर्म दिलास की मला दोन ओळी लिही, बाई काय म्हणाल्या ते.

तुझी,
ताई